२०२८ चा उमेदवार आणि माझा कापूस : मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि दैनिकांचे सर्व सन्माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्याचा कोरडवाहू शेतकरी. सात एकर जमीन, त्यात साडेचार एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन आणि तूर. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, पण राजकारणाची खोड लागली ती लागलीच. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून आपण म्हणाल की या माणसाला टीव्हीवर फक्त खतांच्या जाहिराती पाहिजेत. अमेरिकेतल्या एखाद्या पक्षाचा पुढचा उमेदवार कोण, या चर्चेला माझी अजिबात हरकत नाही. मी स्वतः ती आवडीने ऐकतो. हरकत आहे ती आपण ती चर्चा जशी करता, त्याला.

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. पोळा तीन-चार दिवसांवर आला होता. मी ओसरीत बसून झुलीचे गोंडे शिवत होतो आणि आत टीव्ही चालू होता. विषय होता, २०२८ ला डेमोक्रॅटिक पक्षाचा चेहरा कोण. चार चौकटींत चार तज्ज्ञ. गॅव्हिन न्यूसम ट्रम्प यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देतात, कमला हॅरिस पुन्हा उभ्या राहतील का, समोरून रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्सच येणार, मग त्यांच्या पत्नी उषा व्हान्स यांचं आंध्रातलं मूळ गाव, मग हॅरिस यांच्या आजोबांचं तमिळनाडूतलं गाव आणि तिथल्या मंदिरातली पूजा. आईने दारातून विचारलं, "हे बाई आपली हाय म्हन्ते काय?" मी म्हटलं, अर्धी. आई म्हणाली, "मंग अर्धा भाव तं देईन का नाई?"

आम्ही हसलो. आणि त्याच वेळी पडद्याच्या खालच्या पट्टीवरून एक ओळ सरकत गेली : कापसावरील आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ. एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, मग जाहिराती लागल्या. जाहिरातीनंतर पट्टीवर दुसरंच काहीतरी होतं आणि वरचे चौघं अजून न्यूसमवरच होते.

२०२१ च्या फेब्रुवारीत परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क लागलं होतं. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून उठलं आणि नऊ-दहा दिवसांत माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आमची सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा, होते दसरा-दिवाळीच्या आसपास. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, म्हणजे घरात पैसा यायचा तो सगळा काळ त्या माफीत बसला. हे मला कधी कळलं? नोव्हेंबरमध्ये, काट्यावर, व्यापाऱ्याने ६,८०० भाव सांगितला तेव्हा. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११०. खरेदी केंद्र आमच्याकडे सुरू व्हायचं होतं आणि वेचणाऱ्या बायांची मजुरी थांबवता येत नाही, त्या काही माझं कर्ज काढून बसलेल्या नाहीत. बारा क्विंटल घातला. १५,७२० रुपयांचा फरक. व्यापारी म्हणाला, "भाऊ, बाहेरचा माल पडून रायला, मी काय करू?"

सगळा भाव त्या एका निर्णयाने पडला असं मी म्हणणार नाही. जगातच रुई स्वस्त होती. गिरण्यांचंही खोटं नव्हतं. अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के शुल्क लावलं, तिरुप्पूरच्या कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या, मग त्यांना कच्चा माल तरी स्वस्त मिळावा हा हिशेब झाला. हिशेब समजतो. पण ट्रम्प यांचं शुल्क, दिल्लीची माफी आणि माझा काटा ही एकाच दोरीची तीन टोकं आहेत, हे त्या संध्याकाळी त्या चौघांपैकी एकाने जरी सांगितलं असतं, तर आईचा प्रश्न विनोद ठरला नसता. तिने बरोबरच विचारलं होतं.

ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. तुमच्यासाठी अमेरिकेचा उमेदवार म्हणजे चेहरा, घराणं आणि भारताशी असलेलं नातं. आमच्यासाठी तो म्हणजे कापूस. आणि हे आजचं नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात लिंकन होता, वऱ्हाड नव्हता, म्हणून दोन्ही मी नंतर एकत्र वाचलं, ते सांगतो.

मे १८६० मध्ये शिकागोला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. उमेदवारी न्यूयॉर्कच्या विल्यम सीवर्ड यांनाच मिळणार, अशी तेव्हाची हवा होती. पहिल्या फेरीत सीवर्ड पुढे होतेही. तिसऱ्या फेरीत लिंकन निवडले गेले. नोव्हेंबरात ते जिंकले, डिसेंबरात साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडलं, १८६१ च्या एप्रिलात उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या मुख्यतः अमेरिकन कापसावर चालायच्या. त्या बंद पडायला लागल्या तेव्हा इंग्रजाला वऱ्हाड आठवला, जो १८५३ पासून त्याच्याच कारभारात होता. भाव आकाशाला भिडले. मुंबईत शेअरचा बाजार फुगला. आणि १८६५ ला तिकडे युद्ध संपलं तसा इकडे फुगा फुटला. भाव खाली आले, सावकाराची वही तेवढी राहिली. पण कापसाची चटक लागलेल्या इंग्रजाने रूळ टाकायचं थांबवलं नाही, १८६७ ला गाडी नागपूरला पोचली आणि खामगाव, अमरावतीला कापसासाठी फाटे निघाले.

सीवर्ड उमेदवार झाले असते तर युद्ध टळलं असतं का, हे मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण शिकागोच्या मांडवात कोणाला तिकीट मिळालं, याचे पडसाद आमच्या काळ्या मातीत उमटले, एवढं तरी खरं. तेव्हा वऱ्हाडातल्या कास्तकाराला कोणी सांगायला नव्हतं. आता आपण आहात, चोवीस तास आहात, आणि तरी ती ओळ पट्टीवरूनच सरकून जाते.

दुसरी तक्रार अंदाजांबद्दल. आमच्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटत उभी असलेली पोरंसुद्धा उमेदवार सांगतात, पण चुकलं तर दुसऱ्या दिवशी ठेलेवालाच त्याला धरतो, "काहून रे, काल तं लय सांगत होता!" आपल्या तज्ज्ञांना कोणी धरत नाही. अमेरिकेचंच घ्या. १९७६ ला जॉर्जियाच्या भुईमूग पिकवणाऱ्या जिमी कार्टर यांना सुरुवातीला कोणी ओळखत नव्हतं. २००७ भर हिलरी क्लिंटन यांचं नाव पक्कं होतं, २००८ ला ओबामा आले. २०१५ ला रिपब्लिकनांकडून जेब बुश यांचं नाव चाललं, तिकीट ट्रम्प यांनी नेलं. २०२४ ला बायडन प्राथमिक फेऱ्या जिंकून बसले होते, २१ जुलैला माघार घेतली. घरचं उदाहरण पाहिजे तर २००७ ची आपली राष्ट्रपतीपदाची निवडणूक. शिवराज पाटलांचं नाव किती दिवस फिरलं, आणि अखेरीस आलं कोणाचं? अमरावतीच्या प्रतिभाताई पाटलांचं, ज्या तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या. आमच्या विदर्भाची सून राष्ट्रपती झाली आणि विदर्भातल्याही पत्रकारांना आधी सुगावा नव्हता. २०१७ ला रामनाथ कोविंद यांच्या वेळी तेच.

अंदाज चुकणं हा काही गुन्हा नाही. पावसाचा चुकतो, आम्ही कोणाला फाशी देत नाही. फक्त हवामानवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो तेव्हा काल किती पडला ते सांगतो. तेवढं तरी करा.

तिसरी तक्रार जरा लांब आहे, कारण इथेच खरा माल आहे आणि तोच आपण टाकून देता.

आपण नावं सांगता. त्या नावांमागची शेती सांगत नाही. न्यूसम हे २०१९ पासून कॅलिफोर्नियाचे राज्यपाल, मुदत जानेवारी २०२७ ला संपते, हे ऐकून ऐकून पाठ झालं. पण त्याच कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यात अतिलांब धाग्याचा पिमा कापूस पिकतो आणि तो आपल्या गिरण्या विकत घेतात, हे कधी ऐकलं नाही. इलिनॉयचे राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर यांच्या श्रीमंतीवर आपण अर्धा तास काढला. त्यांचं राज्य सोयाबीन पिकवण्यात अमेरिकेत आघाडीवर आहे. आमच्या घरी सोयाबीनची गंजी लागली की भाव बराचसा ठरतो तो शिकागोच्या वायदेबाजारावरून आणि चीनने अमेरिकेचं सोयाबीन घेतलं की नाही यावरून. म्हणजे प्रिट्झकर हा मला परका माणूस नाही. तो माझा सोयाबीनवाला शेजारी आहे, फक्त मधे समुद्र आहे.

आयोवाचं तर आपण नुसतं नाव घेता. तिथे ऑगस्टात राज्याची मोठी जत्रा भरते. अध्यक्षपदाची इच्छा असलेला माणूस तिथे जातो, गवताच्या गाठी रचलेल्या मंचावर उभा राहतो, लोकांसमोर बोलतो, लोक उलट प्रश्न विचारतात. मक्याच्या इथेनॉलवर तुझं म्हणणं काय, हे त्याला सांगावंच लागतं. मका पिकवणाऱ्या त्या छोट्या राज्याने इथेनॉलचा प्रश्न वर्षानुवर्षं देशाच्या राजकारणात ठेवला, तो उमेदवार निवडण्याच्या पहिल्या फेरीचा मान असल्यामुळे. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ साठी तो मान आयोवाकडून काढला आणि साउथ कॅरोलिनाला पुढे आणलं. आता २०२८ ला त्या पक्षात पहिला कोण, ही भांडाभांडी उमेदवाराच्या नावाहून मोठी बातमी आहे, कारण कोणत्या पिकाला पहिला प्रश्न विचारता येणार ते तिथेच ठरतं. ती आपल्याकडे मी मिनिटभरही पाहिली नाही.

आणि ट्रम्प तिसऱ्यांदा उभे राहतील का, यावर मात्र किती रात्री! १९५१ पासून बाविसावी घटनादुरुस्ती आहे, दोनदाच निवडून येता येतं. एका वाक्याचं उत्तर. असो.

आता अनुदानाचं. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यात सरकीसकट कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट झाला. मी कागदावर हिशेब केला. तेव्हाच्या डॉलरने क्विंटलला आठ हजारांच्या आसपास पडतं. मला वाटलं होतं त्यांचं आपल्या दुप्पट असेल. तसं नाही, आपल्या हमीभावाच्या जवळच आहे. हे कळलं तेव्हा मी स्वतःच गप्प झालो, कारण पारावर मी कैकदा उलटं सांगितलं होतं. फरक आहे तो देण्याच्या रीतीत. तिथे भाव खाली गेला तर फरकाचा बराचसा भाग सरकार देतं, कापूस कुठेही विका. इथे हमीभाव पाहिजे तर नोंदणी करा, केंद्राच्या दारात गाडी लावा, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. ऑक्टोबरच्या कापसात आठ टक्के ओलावा म्हणजे नवरदेवाच्या अंगाला हळद नसणं. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत २००२ ला तक्रार केली, जिंकले, आणि २०१४ च्या समझोत्यात ३० कोटी डॉलर घेतले. हे राजकारण नाही का? यावर २०२८ च्या इच्छुकांपैकी कोणाची काय भूमिका, हा प्रश्न आपल्या एखाद्या वार्ताहराने वॉशिंग्टनच्या बातमीदाराला विचारायला काय हरकत होती?

चौथी गोष्ट जवळची आहे. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक आला आणि वर्षामागून वर्षं बसून राहिला. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष म्हणजे आमच्यासाठी प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्र, पांदण रस्ता, गुरांचा दवाखाना. गावातल्या गुरांच्या दवाखान्याचं कुलूप मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचा गंज कुठून सुरू होतो तेही सांगेन. आपण पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो आणि मिशिगनच्या ग्रेचन व्हिटमर या राज्यपालांच्या कारकिर्दीची तुलना केलीत, चांगली केलीत, त्यांनी राज्यात काय केलं ते सांगितलंत. मग इथल्या कोणत्याही एका पक्षाच्या जिल्हा परिषद अध्यक्षपदाच्या इच्छुकांची तशी तुलना का नाही? इथे तर आरक्षण कोणतं निघतं यावरच सगळी बातमी संपते. आरक्षण निघाल्यावर कोणाच्या बायकोला तिकीट मिळणार, हे सांगता. ती बाई काय करणार, हे तिला विचारत नाही, आणि तिचा नवराच उत्तर देतो म्हणून त्याचाच फोटो छापता.

पाचवी तक्रार मी माझ्यासाठी करत नाही. आमच्या तालुक्यात एक पोरगा बातम्या पाठवतो. बोंडअळी, वीज पडून मेलेला बैल, शाळेचं गळकं छत, सगळं तो पाठवतो. मिळणारं मानधन सांगायची त्याला लाज वाटते. दिवाळी अंकाला आणि नेत्यांच्या वाढदिवसाला जाहिराती आणायचं काम मात्र त्याच्या गळ्यात असतं. ज्या नेत्याकडून जाहिरात घ्यायची, त्यालाच जिल्हा परिषदेचा जाब कसा विचारणार? त्याने मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. आपण द्यावं. तो कुठल्या दैनिकाचा, ते लिहीत नाही, कारण हे सगळीकडचं आहे आणि त्याची नोकरी जायला नको.

आता मागण्या सांगतो.

अमेरिकेच्या उमेदवारांवर जरूर चर्चा करा. ७ नोव्हेंबर २०२८ च्या मतदानापर्यंत तुम्ही ती करणारच आहात. पण प्रत्येक नावाबरोबर तीन गोष्टी सांगा : आयात शुल्काबद्दल तो काय बोलला, शेती अनुदानाच्या कायद्याच्या तो बाजूने होता की विरुद्ध, आणि भारताशी व्यापारकरारात शेतमाल उघडा करावा असं त्याला वाटतं का. काही बोललाच नसेल तर "बोलला नाही" असं सांगा. तीही बातमी आहे.

ऑगस्ट ते जानेवारी, कापसाच्या हंगामात, रात्रीच्या मुख्य बातमीपत्रात पाच मिनिटं द्या. न्यूयॉर्कचा रुईचा वायदा, डॉलरचा भाव, आयात शुल्काची स्थिती, आणि त्यासोबत यवतमाळ, हिंगणघाट, अकोल्याचा प्रत्यक्ष भाव. नुसता किमान-कमाल तक्ता नको, का वाढला का पडला ते सांगणारा माणूस हवा. शुल्क बदललं की ते पट्टीवर नाही, वर आणा.

चर्चेच्या चार चौकटींपैकी एका चौकटीत कधीतरी कापसातून सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला किंवा सोयाबीनचा वायदा कळणारा माणूस बसवा. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, आम्हाला मराठीच ऐकायचं आहे.

ज्यांनी अंदाज सांगितले, त्यांचे जुने अंदाज वर्षातून एकदा त्यांच्याच समोर लावा.

जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदासाठी प्रत्येक पक्षाकडे कोण इच्छुक आहेत, ते नावानिशी विचारा, आणि त्यांना तालुक्याच्या ठिकाणी, कापूस बाजारात, लोकांसमोर उभं करा. गवताच्या गाठी नसतील तर मी सरकीची पोती देतो, त्यावर उभं राहू द्या.

आणि तालुक्याच्या वार्ताहराला पगार द्या. जाहिरातीचं काम दुसऱ्या कोणाला सांगा.

यातलं एकही खर्चाचं मोठं काम नाही. पगाराचं आहे, ते खरं.

उद्या सकाळी वेचणीला सात बाया येणार आहेत. एकीने आधीच विचारून ठेवलंय की वेचाई किलोला दहाची बारा होणार का. मी म्हटलं, भाव पाहून सांगतो. ती म्हणाली, "टीव्हीवर पायजा अन् सांगजा." मी रात्री साडेसातला लावणार आहे. पट्टी वाचायला चष्मा जवळ घेऊन बसतो.

आपला,
एक कापूस उत्पादक
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ